नाशिकहून अलास्का क्रूझ: मे महिन्याच्या सुट्टीत अख्खी फॅमिली न्यायची तर सुरुवात कुठून करायची

अलास्का क्रूझ म्हटलं की सगळे आधी जहाजांचे फोटो बघत बसतात, कुठलं मोठं, कुणाच्या डेकवर घसरगुंड्या, कुणाकडे गो-कार्ट, आणि व्हिसाचा विषय निघेपर्यंत मार्च उजाडतो. आपल्याकडून जाणाऱ्यांनी क्रम बरोबर उलटा ठेवायचा. आधी पासपोर्ट, मग दोन व्हिसा (हो, दोन), मग रूट, मग केबिन, मग विमान. आणि कपड्यांचं पण एक वेळापत्रक आहे, ते पुढे सांगते. आम्ही सासूबाई आणि दोन मुलांना घेऊन गेलो होतो, तेव्हापासून गंगापूर रोडवरच्या ओळखीतल्या प्रत्येक घराला हेच सांगत आलेय, तर एकदा सगळं लिहूनच काढते.

तयारीला वर्ष धरा. बारा-चौदा महिने आधी विषय सुरू केला तर निवांत होतं, सहा महिन्यांत करायला गेलात तर व्हिसाच्या तारखेमागे पळण्यातच जीव जातो.

कधी जायचं

अलास्काचा क्रूझ सीझन साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. आपल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणजे आपल्याला मिळतो मे आणि जूनचे पहिले दोन आठवडे. हे आपल्या पथ्यावरच पडतं, कारण तिकडच्या शाळांना सुट्ट्या मेअखेर-जूनमध्ये लागतात, त्यामुळे मेमधले दर जुलैपेक्षा कमी असतात आणि गर्दीही कमी. शिवाय आग्नेय अलास्कात वर्षातले त्यातल्या त्यात कोरडे महिने म्हणजे एप्रिल, मे आणि जून. डोंगरांवर बर्फ पण भरपूर शिल्लक असतो, फोटो झकास येतात.

मेचे तोटे पण सांगते. सॅमन मासे नदीत चढायला लागतात जुलैपासून, आणि त्यांच्यामागे अस्वलं येतात, त्यामुळे "अस्वल मासा पकडतंय" हे दृश्य मेमध्ये डोक्यातून काढून टाका. हंपबॅक व्हेल हिवाळा हवाईकडे काढून एप्रिलपासून परत यायला लागतात, मेमध्ये दिसतात, पण जून ते ऑगस्ट त्यांचा भर असतो. दुसरं म्हणजे अरुंद फिओर्डमध्ये (डोंगरांमध्ये आत घुसलेल्या समुद्राच्या खाड्या) मेमध्ये तरंगता बर्फ जास्त असतो, कधीकधी जहाज ग्लेशियरपर्यंत, म्हणजे हिमनदीपर्यंत, न जाता मागे फिरतं. माझं मत विचाराल तर मेचा शेवटचा आठवडा किंवा जूनचा पहिला, दोन्हीकडचं थोडं थोडं मिळतं.

आणि नॉर्दर्न लाइट्स उन्हाळ्यात दिसत नाहीत. जूनमध्ये अलास्काची राजधानी जुनो, तिथे दिवस अठरा तासांचा असतो, रात्री दहाला सूर्य मावळतो, अंधारच नाही तर दिवे कुठून दिसणार. कुणी एजंट पॅकेजमध्ये ते गाजर दाखवत असेल तर दुसरा एजंट शोधा.

२०२७ च्या पावसाळ्यात काढायचा विचार असेल तर आठवण करून देते, नाशकात सिंहस्थ आहे. घर पाहुण्यांनी भरलेलं असेल आणि तुम्ही अलास्कात, हे नातेवाईक आयुष्यभर ऐकवतील.

दोन व्हिसा, आणि दोन का

हे नीट वाचा, इथेच सगळ्यांचं घोडं अडतं. अलास्का अमेरिकेत, म्हणजे अमेरिकेचा बी१/बी२, म्हणजे पर्यटकांचा, व्हिसा लागणारच. पण क्रूझ बहुधा निघते एकतर कॅनडातल्या व्हँकुव्हरहून नाहीतर अमेरिकेतल्या सिअॅटलहून. लोक म्हणतात आपण सिअॅटलहून जाऊ म्हणजे कॅनडाचा व्हिसा वाचेल. नाही वाचत. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे, त्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतून निघून अमेरिकेत परत यायचं तर वाटेत एका तरी परदेशी बंदराला थांबावंच लागतं, आणि ही मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळी बहामा, पनामा, नेदरलँड्स अशा कुठल्यातरी देशाच्या झेंड्याची. म्हणून बहुतेक सिअॅटलवाली जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, बऱ्याचदा संध्याकाळचे चारेक तास. तुम्ही तिथे उतरणार नसलात तरी कागद पूर्ण लागतात, आणि कॅनडाचा व्हिसा नसेल तर निघतानाच जहाजावर चढू देत नाहीत. अमेरिकेचा व्हिसा दाखवून कॅनडाला ऑनलाइन परवानगीवर जायची सोय काही देशांना आहे, भारत त्यात नाही.

व्हँकुव्हरहून निघून व्हँकुव्हरलाच परत येणार असाल तर कॅनडात दोनदा शिरता, म्हणून व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते स्टिकरवर बघून घ्या.

अमेरिकेची फी माणशी १८५ डॉलर, लहान मुलांनाही तेवढीच. आधी डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज, मग बायोमेट्रिकची (बोटांचे ठसे आणि फोटो) एक तारीख आणि इंटरव्ह्यूची दुसरी. आता लहान मुलांना आणि आजी-आजोबांनाही बहुतेक वेळा इंटरव्ह्यूला न्यावंच लागतं. तारखा कधी पटकन मिळतात, कधी महिनोन्महिने मिळत नाहीत, म्हणून सगळ्यात आधी हे. इंटरव्ह्यूत मुख्य प्रश्न एकच असतो, तुम्ही परत येणार कशावरून. नोकरी, धंदा, घर, मुलांची शाळा, आयकर रिटर्न हे सगळं जे खरं आहे ते साधं सरळ सांगायचं, फाईल जाड केली म्हणून व्हिसा मिळत नाही, बऱ्याचदा फाईल उघडायला पण सांगत नाहीत.

कॅनडाचं सगळं ऑनलाइन, फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिकचे ८५, पण फॅमिलीने एकत्र अर्ज केला तर बायोमेट्रिकचे जास्तीत जास्त १७० लागतात. चौदा वर्षांखालच्या मुलांना आणि ऐंशी किंवा त्यावरच्यांना बायोमेट्रिक नाही. एक बारीक गोष्ट: कॅनडाचा व्हिसा जास्तीत जास्त दहा वर्षांचा, पण पासपोर्ट संपेपर्यंतच मिळतो. मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात, त्यामुळे मुलाचा पासपोर्ट वर्षभरात संपणार असेल तर आधी तो नवीन करा मग अर्ज करा. पासपोर्टचं काम नाशकातच होतं, त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. अमेरिकेच्या व्हिसाचं तसं नाही, तो जुन्या पासपोर्टवर असला तरी चालतो, दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे.

अमेरिकेचा इंटरव्ह्यू मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये असतो, त्यासाठी आदल्या दिवशीच मुंबई गाठा. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी निघून सकाळची अपॉइंटमेंट मिळत नाही, आणि गाडीने जायचं तर आता इगतपुरीहून समृद्धी धरून कसारा घाट टळतो खरा पण पुढे भिवंडी-ठाण्याचा ट्रॅफिक काही टळत नाही. आत मोबाईल नेता येत नाही, बॅग नाही, स्मार्टवॉच नाही, त्यामुळे बाहेर कुणीतरी आपलं माणूस फोन सांभाळायला असेल तर बरं. आमच्या सासूबाईंनी पर्समध्ये विड्याची डबी नेली होती, गेटवरच्या माणसाने ती उघडून वास घेऊन बघितली आणि हसून परत दिली, पण पर्स बाहेरच ठेवायला लावली. मग डबी पदराला बांधून त्या आत गेल्या.

अमेरिकेचा व्हिसा नाहीच मिळाला किंवा तारीखच लागेना, तर नॉर्वेचे फिओर्ड हा चांगला पर्याय आहे. एकाच शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) काम होतं, पण जहाज कोपनहेगन, हँबुर्ग, कील अशा ठिकाणाहून निघणारं निवडा, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून निघालात की यूकेचा व्हिसा वेगळा. बर्गन, फ्लोम, गेयरांगर, सगळं सुंदर आहे. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीच करता येतो, त्याच्या आधी घेत नाहीत, म्हणजे प्लॅन बी ला वेळ मिळतो. पण पुढचं सगळं मी अलास्काचंच सांगतेय.

रूट बघून जहाज निवडा

तीन प्रकार आहेत. व्हँकुव्हर ते व्हँकुव्हर सात रात्री, सिअॅटल ते सिअॅटल सात रात्री, आणि एका बाजूचं, व्हँकुव्हरहून वर सीवर्ड किंवा व्हिटियरपर्यंत. तिसऱ्यात शेवट अँकरेजजवळ होतो, तिथून पुढे डेनाली नॅशनल पार्क वगैरे करता येतं, पण लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर दगदग वाढते आणि विमानभाडं पण.

फॅमिलीसाठी मी व्हँकुव्हर ते व्हँकुव्हरच सांगेन, कारण ते जहाज बेटांच्या आडून, इनसाइड पॅसेजमधून जातं, पाणी शांत असतं. सिअॅटलवाली जहाजं बहुतेक व्हँकुव्हर आयलंडच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जातात, तिथे जहाज चांगलंच हलतं. पुण्याच्या शिवनेरीत ज्यांना मळमळतं त्यांनी विचार करावा.

मग बघायचं ग्लेशियर कुठलं. प्रत्येक रूटवर एक दिवस ग्लेशियरसाठी ठेवलेला असतो आणि तो दिवस म्हणजेच ही ट्रिप, बाकीचं सगळं त्याच्या अवतीभवती. ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये दिवसाला फक्त दोनच मोठी क्रूझ जहाजं सोडतात, आणि परवाने ठरावीक कंपन्यांकडेच आहेत, प्रामुख्याने प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका आणि नॉर्वेजियन. बाकीच्या कंपन्या हबर्ड ग्लेशियर किंवा एंडिकॉट आर्म दाखवतात. हबर्ड पण भव्य आहे, समोरची बर्फाची भिंत नऊ-दहा किलोमीटर रुंद. पण मे महिन्यात बर्फामुळे अडायची शक्यता एंडिकॉटसारख्या चिंचोळ्या जागी जास्त, म्हणून ग्लेशियर बे मिळत असेल तर जहाज थोडं जुनं असलं, घसरगुंडी नसली तरी तेच घ्या. मुलं दोन तास रुसतील, मग विसरतील.

तिसरं म्हणजे बंदरात किती वेळ थांबतं आणि कधी. जुनोला सकाळी सात ते दुपारी एक थांबणारं जहाज आणि दुपारी एक ते रात्री दहा थांबणारं जहाज यात फरक पडतो, व्हेल बघायला जायचं तर हातात सलग पाच-सहा तास पाहिजेत. त्या दिवशी बंदरात आणखी किती जहाजं आहेत तेही वेळापत्रकात बघता येतं. जुनोत दिवसाला पाचच मोठी जहाजं असा नियम २०२४ पासून आहे, पण छोट्या गावात पाच जहाजं म्हणजे सुद्धा जत्राच. केचिकन या दुसऱ्या बंदराला काही जहाजं गावात न लागता वॉर्ड कोव्ह म्हणून गावाबाहेरच्या धक्क्याला लागतात, तिथून बसने यावं लागतं, आजी-आजोबा असतील तर हे आधी तपासा.

केबिन आणि पैसे

भाडं माणशी लिहितात, पण ते एका केबिनमध्ये दोघं धरून. तिसरा-चौथा माणूस त्याच केबिनमध्ये असेल तर स्वस्त पडतो, पण त्याचा बेड भिंतीतून किंवा छतातून खाली येणारा असतो, मुलांना मजा, मोठ्यांना शिक्षा. पाच-सहा जण असाल तर शेजारशेजारच्या दोन केबिन घ्या, मधे दार असलेल्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं, पण त्या थोड्याच असतात आणि लवकर जातात.

बाल्कनी घ्यावी का? अलास्कात घ्यावी. कॅरिबियनला मी म्हटलं नसतं, तिथे लोक दिवसभर पूलवर असतात. इथे थंडीत सगळ्यांना डेकवर उभं राहवत नाही, आजींना शाल गुंडाळून बाल्कनीत खुर्ची टाकून दिली की त्या तासन् तास बसतात. दोन केबिन घेताय आणि बजेट ताणलंय तर एक बाल्कनीची आणि समोरची एक आतली, बिनखिडकीची, असं करा. मुलं झोपायला आत, दिवसभर सगळे बाल्कनीत. जागा मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घेतली तर हलणं कमी जाणवतं, आणि वर-खाली दोन्हीकडे केबिनच आहेत ना ते डेक प्लॅनवर बघा, डोक्यावर डिस्को किंवा किचन आलं तर झोपेचं खोबरं. डावी बाजू की उजवी यावर लोक फार भांडतात, जाऊन-येऊन रूट असेल तर काही फरक पडत नाही, आणि ग्लेशियरसमोर जहाज गोल फिरवतात.

जाहिरातीतल्या आकड्यावर बजेट करू नका. त्यात बऱ्याचदा बंदराचे टॅक्स नसतात, टिप्स नसतात. टिप रोज माणशी साधारण १६ ते २० डॉलर आपोआप खात्यात लागते, चार जणांचे आठवड्याचे साडेचारशे ते साडेपाचशे डॉलर झाले. वायफाय वेगळं, कोल्ड्रिंक वेगळं, बंदरातल्या सहली वेगळ्या. विमानाचे मेमध्ये माणशी लाखाच्या वरच धरा. एकूण खर्च क्रूझच्या भाड्याच्या दुपटीहून जास्त होतो असं धरून चाला आणि त्यात बसत असेल तरच पुढे जा.

बुकिंग करताना डिपॉझिट परत मिळणारं आहे का हे विचारा, लेखी घ्या. पूर्ण पैसे साधारण निघायच्या तीन महिने आधी भरायचे असतात, तोपर्यंत व्हिसा हातात नसेल तर रद्द करून मोकळं व्हायचं, पुढे ढकलत बसायचं नाही. भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेतलं की त्यावर टीसीएस (एजंटने आपल्याकडून घेऊन सरकारला भरायचा आगाऊ आयकर) कापतात, तो दर बजेटमध्ये बदलत असतो, त्या वर्षीचा दर आपल्या सीएला विचारा. ते पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरताना वळते होतात, फक्त पावती आणि आयकर खात्याच्या साइटवरची नोंद जुळते का बघा. पॅन कुणाचं दिलं ते पण बघा, ज्याचा टॅक्स जास्त त्याचं द्या.

इन्शुरन्स घ्या आणि त्यात क्रूझ आणि मेडिकल इव्हॅक्युएशन दोन्ही आहे हे वाचून घ्या. बंदरांच्या गावांत मोठं हॉस्पिटल नसतं, जुनोसारखी राजधानी सुद्धा रस्त्याने बाहेर कुठेच जोडलेली नाही, पेशंटला विमानाने हलवावं लागतं आणि ते बिल घर विकायला लावेल असं असतं. ज्येष्ठांचं बीपी-शुगर फॉर्ममध्ये लपवू नका, क्लेम तिथेच अडकतो.

विमान

मुंबईहून व्हँकुव्हरला किंवा सिअॅटलला थेट विमान नाही, एक थांबा धरा. नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्ली गाठून पुढे जायचा मोह होतो, सामान घेऊन मुंबईपर्यंत जायची कटकट वाचते, पण ती दोन वेगळी तिकिटं असतील आणि ओझरचं विमान लेट झालं तर पुढच्याची जबाबदारी कुणीच घेत नाही. एकाच तिकिटावर मिळत असेल तर जरूर घ्या. जिथे विमान बदलता तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे पण तिकीट काढायच्या आधी बघायचं.

जहाज निघायच्या दिवशी पोचणारं विमान घेऊ नका. दोन दिवस आधी पोचा. तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, अलास्काची साडेतेरा, म्हणजे दिवसाची रात्र होते आणि मुलं पहाटे दोनला टक्क जागी. व्हँकुव्हर एअरपोर्टवरून ट्रेन थेट वॉटरफ्रंट स्टेशनला जाते, अर्ध्या तासाच्या आत, आणि जहाजाचा धक्का, कॅनडा प्लेस, तिथून चालत आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन पण जहाजावर चढायच्या आधी इथेच उरकतं, त्यामुळे रांगेत दीड-दोन तास धरा.

कपडे जानेवारीतच घ्या

मे महिन्यात नाशकात ऊन चाळिशीला टेकलेलं असतं, तेव्हा स्वेटर शोधायला निघालात तर दुकानदार तुमच्याकडे बघून हसेल. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये थंडीचा माल डिसेंबर-जानेवारीत असतो, तेव्हाच घेऊन ठेवा, मुलांचे एक साइज मोठे. (तिथल्याच कॅनडा कॉर्नर चौकात खरेदी करून कॅनडाला निघालो हा विनोद आमच्याकडे इतक्या वेळा झाला की शेवटी मुलांनीच बंदी घातली.)

थंडी किती? मेमध्ये दिवसा साधारण आठ ते पंधरा अंश. ऐकायला काहीच नाही वाटत, पण निफाडची जानेवारीतली पहाट दिवसभर चालू ठेवा, वर भुरभुर पाऊस आणि तोंडावर वारा, तसं. म्हणून एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा थर करायचे: आत थर्मल, मधे फ्लीस किंवा साधा स्वेटर, आणि सगळ्यात वर टोपी जोडलेलं वॉटरप्रूफ जॅकेट. हे वरचं जॅकेट सगळ्यात महत्त्वाचं, त्यात काटकसर नको. आपला दुचाकीवरचा प्लॅस्टिकचा रेनकोट नको, आत घाम धरतो. छत्री वाऱ्यात उलटी होते. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे तिथे कोरडे राहिलात तर नशीब. कानटोपी, हातमोजे, पाण्यात न भिजणारे बूट, दोन जोड जास्तीचे मोजे, दुर्बीण. साडी नेसणाऱ्या आजी असतील तर आतून थर्मलची पँट आणि पायात बूट, त्यांना आधी घरी एकदा घालून चालायला लावा, बुटाची सवय नसते. आणि जीन्स कमी न्या, भिजली की वाळत नाही.

जेवणाचं

शाकाहारी लोक उगाच घाबरतात. बुकिंग झालं की एजंटकडून नाहीतर कंपनीला स्वतः ईमेल करून इंडियन व्हेज किंवा जैन असं नोंदवून घ्या, आणि पहिल्या संध्याकाळी डायनिंग रूमच्या हेडवेटरला भेटा. स्टाफमध्ये गोव्याचे, मुंबईचे लोक भेटतातच. दुसऱ्या दिवशी काय पाहिजे ते आदल्या रात्री सांगायचं, मग डाळ, भाजी, भात, रोटी सगळं येतं. चव हॉटेलची असते, घरची नाही, पण गरम असतं. सासूबाईंना दही-भात रोज वेगळा काढून ठेवायचा तो मुलगा, त्यांनी त्याला मेतकुटाची पुडी दिली, तिसऱ्या दिवशी तो विचारत आला की हे कशाचं करतात.

चिवडा, खाकरे, मेतकूट, आलेपाक असं कोरडं, पॅकबंद न्या. ताजी फळं, बिया, मांसाचं काही नको, आणि जे नेताय ते इमिग्रेशनच्या फॉर्मवर किंवा विचारल्यावर सांगायचं. लपवलं तर दंड, सांगितलं तर फार तर काढून घेतात. जहाजातली फळं, सँडविच घेऊन बंदरावर उतरू नका. किटली, राइस कुकर, इस्त्री हे जहाजावर चालत नाही, स्कॅनमध्ये दिसलं की काढून ठेवतात. एक्स्टेंशन बोर्ड पण बऱ्याच कंपन्यांना चालत नाही. मळमळीच्या गोळ्या आणि नेहमीची औषधं डॉक्टरांना विचारून, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घेऊन, ट्रिपपेक्षा आठवडाभर जास्तीची.

बंदरात काय करायचं

सगळीकडे पैसे देऊन सहल घ्यायची गरज नाही. माझा हिशोब: जुनोला व्हेल बघायला पैसे घाला, स्कॅग्वेला ट्रेनला घाला, केचिकनला चालत फिरा.

जुनोत व्हेलची बोट आणि मेंडेनहॉल ग्लेशियर एका दिवसात जमतं. बोटीत आतली गरम जागा असते का ते विचारा. स्कॅग्वेची व्हाइट पास ट्रेन १८९८ मध्ये सोन्याच्या गर्दीच्या काळात बांधायला घेतली, अरुंद रुळांची, समुद्रसपाटीपासून जवळजवळ ८७० मीटर वर चढते, जाऊन-येऊन अडीच-तीन तास. चढताना डावीकडे बसा. काही फेऱ्या कॅनडात पुढपर्यंत जातात, त्यांना पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही बरोबर पाहिजे. हेलिकॉप्टरने ग्लेशियरवर उतरणं, कुत्र्यांची गाडी, हे माणशी शेकडो डॉलर, आणि हवा बिघडली की रद्द. चौघांचं बिल बघून ठरवा. केचिकनला क्रीक स्ट्रीटची लाकडी घरं आणि टोटेमचे खांब (मूळ रहिवाशांचे कोरीव लाकडी खांब) फुकटात बघून होतात.

सहल जहाजाकडून घेतली तर महाग पडते, पण ती लेट झाली तर जहाज थांबतं. बाहेरून घेतली तर थांबत नाही, निघून जातं. स्वतःच्या घड्याळात जहाजाची वेळ लावा, मोबाईल कधी कॅनडाची दाखवतो कधी अलास्काची. आणि समुद्रात मोबाईल फ्लाइट मोडवरच, जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडलं की रोमिंगचं बिल बघून चक्कर येते.

ग्लेशियरचा दिवस

सकाळी लवकर उठा, त्या दिवशी एकही कार्यक्रम ठेवू नका. ग्लेशियर बेत शिरताना पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन दोराच्या शिडीने जहाजावर चढतात, मग दिवसभर माईकवरून माहिती देतात, मुलांसाठी वेगळं सत्र घेतात. कुठेही उतरायचं नसतं, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही सगळं तेवढंच दिसतं जेवढं पंचविशीतल्याला. रेंजर सांगतात की १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं इथे आली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, तोंडाशीच बर्फ होता, आणि तेव्हापासून तो शंभरहून जास्त किलोमीटर मागे गेलाय. आपण अर्धा दिवस जहाजाने आत जात राहतो ते सगळं अंतर म्हणजे वितळलेला बर्फ.

मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज तासभर जवळजवळ थांबून हळूहळू फिरतं. पहिल्यांदा सगळे फोटो काढतात, आवाज करतात, मग गप्प होतात. बर्फाचा निळा रंग फोटोत येतो त्याहून गडद असतो. तुकडा तुटतो तेव्हा आधी दिसतं, भिंतीवरून पांढरी धूळ सांडल्यासारखी, आणि एक-दोन सेकंदांनी आवाज पोचतो, ढग गडगडल्यासारखा. त्यामुळे आवाज ऐकून कॅमेरा वळवला की वेळ गेलेली असते, सलग व्हिडिओ चालू ठेवून एका जागी धरून उभं राहायचं. सासूबाई बाल्कनीत सोलापुरी चादर गुंडाळून बसल्या होत्या, दर तुकड्याला "पडला, पडला" म्हणून ओरडायच्या, आणि शेजारच्या बाल्कनीतल्या गोऱ्या आजी पण शेवटी शेवटी "पडला" म्हणायला लागल्या.

वरच्या मोकळ्या डेकवर पुढच्या बाजूला गर्दी होते, तिथे तासभर आधी जागा धरा, किंवा सरळ मागच्या डेकवर जा, जहाज फिरलं की तिथूनही समोरच दिसतं आणि कुणी धक्के मारत नाही.

उतरताना

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या, त्या सकाळी धक्क्यावर मिळतात. त्याआधी दुसऱ्या दिवशीचे कपडे, औषधं, पासपोर्ट वेगळे काढा. नाईट ड्रेसवर उतरायची वेळ आलेली माणसं दर ट्रिपला दिसतात म्हणे. खात्याचं बिल रात्रीच टीव्हीवर किंवा ॲपवर तपासा, मिनीबारचं न घेतलेलं कोल्ड्रिंक असेल तर तेव्हाच काउंटरवर जाऊन काढून घ्या, सकाळी तिथे तुफान रांग असते. क्रेडिट कार्डवर अडकवलेली रक्कम सुटायला काही दिवस लागतात, म्हणून परतीच्या खर्चाला दुसरं कार्ड ठेवा.

परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका. आणि निकाल, नवीन वह्या-पुस्तकं, युनिफॉर्म यासाठी शाळा उघडायच्या आधी घरी चार दिवस हातात राहतील अशीच तारीख धरा, मुलं पहिले तीन दिवस दुपारी झोपतात आणि रात्री दोनला पोहे मागतात.